यंत्र बंद होताना नेटवर्क आधी जाऊ नये यासाठी सेवांचा क्रम कसा लावावा

नागपुरातील अनेक लहान कार्यालयांत सर्व्हर रात्रभर चालू ठेवला जात नाही. धंतोलीतील एखादी निदान प्रयोगशाळा असो, सीताबर्डीतील व्यापाऱ्याची पेढी असो किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचा लेखा विभाग असो, संध्याकाळी माणसे निघाली की एसी बंद होतो, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना बंद खोलीत यंत्र तापत ठेवण्यापेक्षा ते रीतसर बंद करणे पुष्कळ बरे असते. शिवाय वादळी पावसात लाइन गेली की यूपीएसच्या भरवशावर तेच काम घाईने करावे लागते. त्यामुळे बंद होण्याच्या प्रसंगावरच अनेक कामे टांगलेली असतात. दिवसभराच्या डेटाबेसची प्रत साठवणीच्या नॅस यंत्रावर पाठवणे, दुसऱ्या शाखेतील सर्व्हरला कळवणे, नेटवर्कवरून जोडलेले फोल्डर सोडणे, ही त्यांतली नेहमीची. या सर्व कामांना शेवटपर्यंत नेटवर्क लागते, आणि ते मध्येच गेले तर एक तर यंत्र पडद्यावर ‘स्टॉप जॉब’ चालू असल्याचा संदेश दाखवत दीड मिनिट अडकून राहते, किंवा त्याहून वाईट म्हणजे काम झाले नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पुढील विवेचन सिस्टमडी, म्हणजे सेवा सुरू करणारी आणि थांबवणारी व्यवस्था, वापरणाऱ्या लिनक्स यंत्रांसाठी आहे. डेबियन 8, उबुंटू 15.04 आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 7 व त्यांच्या पुढील आवृत्त्या त्यात येतात. आज्ञा आणि फाइलमधील ओळी येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत, ठिपके, डॅश आणि बरोबरची चिन्हे जिथल्या तिथे ठेवून लिहाव्यात.

सुरू होण्याचा क्रम आणि बंद होण्याचा क्रम

यंत्र बंद करण्याची आज्ञा मिळाली की सिस्टमडी शटडाउन.टार्गेट सुरू करते (टार्गेट म्हणजे अनेक सेवांना एकत्र बांधणारा, नाव दिलेला टप्पा). वेगळे काही सांगितले नसेल तर प्रत्येक साध्या सेवेचे या टार्गेटशी ‘कॉन्फ्लिक्ट्स’ हे विरोधाचे नाते आपोआप जोडलेले असते, म्हणून त्या क्षणी चालू असलेल्या प्रत्येक सेवेसाठी थांबण्याचा एकेक जॉब रांगेत येतो. मात्र ही रांग नावापुरतीच असते, कारण ज्या दोन सेवांमध्ये क्रमाचे नाते सांगितलेले नाही त्या एकाच वेळी थांबवल्या जातात. प्रत पाठवणारी सेवा आणि नेटवर्क सांभाळणारी सेवा यांच्यात असे नाते नसेल, तर कोण आधी संपेल हे त्या दिवसाच्या योगायोगावर सोडल्यासारखे होते.

क्रमाचे नाते ‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ या दोनच ओळींनी सांगितले जाते, आणि त्याचा एक उपयुक्त नियम असा की बंद होताना तोच क्रम उलटा लागू होतो. ‘क’ सेवेत आफ्टर=ख असे लिहिले असेल, तर सुरू होताना ‘ख’ आधी आणि ‘क’ नंतर, तर बंद होताना ‘क’ पूर्ण थांबल्यावरच ‘ख’ थांबते. बंद होण्यासाठी वेगळा क्रम लिहिण्याची सोयही नाही आणि गरजही नाही. सिस्टमडीच्या आधीच्या सिस्टम-फाइव्ह या जुन्या पद्धतीत सुरू होण्याचा आणि थांबण्याचा आकडा वेगवेगळा द्यावा लागे, आणि एक बदलून दुसरा तसाच राहिल्याने होणारे घोटाळे ज्यांनी निस्तरले आहेत त्यांना या नियमाची किंमत वेगळी सांगायला नको.

येथे एक गोष्ट स्पष्ट ठेवावी. ‘वॉन्ट्स’ आणि ‘रिक्वायर्स’ या ओळी फक्त सोबत काय लागते हे सांगतात, क्रमाबद्दल त्या काहीच बोलत नाहीत. रिक्वायर्स लिहिले म्हणजे क्रमही लागला, असे समजून लिहिलेल्या कितीतरी फाइली पाहण्यात येतात, आणि त्या बहुतेक वेळा चालतातही, म्हणून हा गैरसमज टिकून आहे.

नेटवर्कची टार्गेटे

नेटवर्कच्या नावाची तीन टार्गेटे आहेत. त्यांपैकी नेटवर्क-प्री.टार्गेट हे नेटवर्क उभे राहण्याआधी फायरवॉलचे नियम बसवणाऱ्या सेवांसाठी असते, आपल्या कामात त्याचा संबंध येत नाही.

नेटवर्क.टार्गेट हे सुरू होताना फारसे काही सांगत नाही. नेटवर्क सांभाळणारी सेवा उभी राहिली, एवढाच त्याचा अर्थ. पत्ता मिळाला की नाही, केबल लागली आहे की नाही, याची हमी ते देत नाही. त्याचा खरा उपयोग बंद होताना आहे. नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी-नेटवर्कडी या सेवा त्याच्या आधी सुरू होतात, म्हणून बंद होताना त्या त्याच्या नंतर थांबतात, आणि ज्या सेवेत आफ्टर=नेटवर्क.टार्गेट ही ओळ आहे ती सेवा नेटवर्क जाण्यापूर्वी थांबते. हे टार्गेट ओढून आणण्याचे काम नेटवर्क सांभाळणाऱ्या सेवेचे आहे, म्हणून आपल्या फाइलमध्ये त्याच्यासाठी वॉन्ट्स लिहू नये, फक्त आफ्टर लिहावे.

नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट हे याच्या उलट स्वभावाचे आहे. नेटवर्क खरोखर वापरण्याजोगे होईपर्यंत ते सुरू होताना थांबवून धरते, पण कोणीतरी मागितल्याशिवाय ते येत नाही. म्हणून त्याच्यासाठी वॉन्ट्स आणि आफ्टर या दोन्ही ओळी लागतात. केवळ आफ्टर लिहिले आणि इतर कोणत्याही सेवेने ते मागितले नाही, तर ते कधी चालूच होत नाही. जे चालू नाही त्याला थांबण्याचा जॉब मिळत नाही, आणि जॉब नसेल तर त्याच्यामार्फत नेटवर्कपर्यंत पोचणारी क्रमाची साखळी तिथेच तुटते. बंद होतानाची ही फट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. यावर साधा उपाय म्हणजे आफ्टरच्या ओळीत नेटवर्क.टार्गेट आणि नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट ही दोन्ही नावे लिहावीत.

यंत्रांना आकड्यांच्या पत्त्याऐवजी नावाने हाक मारली जात असेल, तर एनएसएस-लुकअप.टार्गेट हेही आफ्टरमध्ये घालावे, म्हणजे नावाचा पत्ता शोधून देणारी स्थानिक सेवा आपल्या आधी निघून जाणार नाही. व्हीपीएनवरून, म्हणजे दूरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या खासगी मार्गावरून, काम होत असेल तर त्या व्हीपीएनच्या सेवेचे नावही स्वतंत्रपणे द्यावे, कारण नेटवर्क.टार्गेट व्हीपीएनची जबाबदारी घेतेच असे नाही.

बंद होताना करायचे काम कसे लिहावे

बंद होताना काही करायचे म्हटले की सुचणारा पहिला मार्ग म्हणजे शटडाउन.टार्गेटसोबत सुरू होणारी सेवा लिहिणे आणि तिच्या एक्झेकस्टार्टमध्ये, म्हणजे सुरू होतानाच्या आज्ञेच्या ओळीत, आपली स्क्रिप्ट देणे. हा मार्ग नेटवर्कच्या कामासाठी निरुपयोगी आहे, आणि त्यामागचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. दोन युनिटांमध्ये (सेवा, टार्गेट वगैरेंचे सिस्टमडीतील सामाईक नाव) क्रमाचे कोणतेही नाते असेल आणि त्यांपैकी एक थांबत असताना दुसरे सुरू होत असेल, तर सिस्टमडी नेहमी थांबणे आधी आणि सुरू होणे नंतर करते, मग तुम्ही आफ्टर लिहा की बिफोर. म्हणजे बंद होताना सुरू होणारी सेवा नेटवर्कशी कशीही बांधली तरी ती नेटवर्क गेल्यावरच सुरू होणार, आणि न बांधली तर शर्यत लागणार. बिफोर=नेटवर्क.टार्गेट लिहून पाहणे, मग आफ्टर लिहून पाहणे, मग झोप घेणारी ओळ घालून पाहणे, या सगळ्या खटाटोपाचा शेवट इथेच होतो.

योग्य मार्ग असा की सेवा सकाळी यंत्र सुरू होतानाच चालू झालेली असावी, तिने दिवसभर काहीही न करता ‘चालू’ अवस्थेत राहावे, आणि खरे काम तिच्या थांबण्याच्या आज्ञेत, म्हणजे एक्झेकस्टॉपमध्ये, असावे. लेखा विभागातील यंत्रासाठी, जिथे मारियाडीबी या डेटाबेसची प्रत नॅसवरच्या फोल्डरमध्ये ठेवायची आहे, फाइल साधारण अशी होईल:

[युनिट]
डिस्क्रिप्शन=दिवसअखेरची प्रत नॅसवर पाठवणे
वॉन्ट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट
आफ्टर=नेटवर्क.टार्गेट नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट एनएसएस-लुकअप.टार्गेट मारियाडीबी.सर्व्हिस
रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एमएनटी/साठा

[सर्व्हिस]
टाइप=वनशॉट
रिमेनआफ्टरएक्झिट=येस
एक्झेकस्टॉप=/यूएसआर/लोकल/एसबिन/दिवसअखेर-प्रत
टाइमआउटस्टॉपसेक=5मिन

[इन्स्टॉल]
वॉन्टेडबाय=मल्टी-यूजर.टार्गेट

आफ्टरमधील मारियाडीबीचे नाव विसरले तर नेटवर्क शाबूत असूनही डेटाबेसच आधी थांबेल आणि प्रत रिकामी निघेल. नेटवर्कच्या मागे लागलेल्या माणसाकडून नेमके हेच राहून जाते. रिक्वायर्समाउंट्सफॉर ही ओळ दिलेल्या मार्गासाठी लागणारी जोडणी (माउंट, म्हणजे नॅसवरचे फोल्डर यंत्राला जोडणे) आधी घडवते आणि बंद होताना ती आपले काम संपेपर्यंत सोडू देत नाही. एनएफएस आणि सांबा या नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याच्या पद्धतींच्या जोडण्या सिस्टमडी स्वतःच नेटवर्कच्या मानते आणि त्यांना नेटवर्कच्या टार्गेटांनंतर लावते. आयस्कझीने नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कचा प्रकार मात्र वरून ओळखता येत नाही, म्हणून एफएसटॅब या जोडण्यांची यादी असलेल्या फाइलमध्ये तिच्यापुढे ‘_नेटडेव्ह’ हा पर्याय लिहावाच लागतो.

फाइल ठेवल्यावर सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड आणि त्यानंतर सिस्टमसीटीएल इनेबल --नाऊ ही आज्ञा द्यावी. यातील ‘नाऊ’ महत्त्वाचे आहे. केवळ इनेबल केले तर सेवा पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना चालू होईल, आणि आज संध्याकाळी ती चालूच नसल्यामुळे तिची थांबण्याची आज्ञाही धावणार नाही. याच कारणाने सकाळी नॅस बंद असताना सर्व्हर लावला तर जोडणी फसते, सेवा सुरू होत नाही आणि संध्याकाळचे काम गुपचूप गळते. ज्या कार्यालयात नॅस उशिरा लावण्याची सवय आहे तिथे ही सवय मोडणे हाच उपाय, कारण फाइलमधील कोणतीही ओळ तिची भरपाई करणार नाही.

एक्झेकस्टॉप हे फक्त यंत्र बंद होतानाच चालते असे नाही. कोणी सिस्टमसीटीएल स्टॉप किंवा रीस्टार्ट दिले तरी ते चालते. भर दुपारी प्रत निघणे चालणार नसेल, तर स्क्रिप्टच्या आरंभीच सिस्टमसीटीएल इज-सिस्टम-रनिंग ही आज्ञा देऊन उत्तर ‘स्टॉपिंग’ असेल तरच पुढे जावे. त्याचप्रमाणे स्क्रिप्टमधून आयत्या वेळी दुसरी सेवा किंवा जोडणी सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. बंद होण्याची प्रक्रिया सुरू झाल्यावर असे नवे जॉब ‘डिस्ट्रक्टिव्ह’ ठरवून नाकारले जातात. मागणी येताच आपोआप जोडले जाणारे फोल्डरही याच नियमात सापडतात.

वेळेची मर्यादा

थांबण्यासाठी मूळ मर्यादा सहसा 90 सेकंदांची असते. ती ओलांडली की सिस्टमडी प्रक्रियेला आधी सौम्य संदेश देते आणि तरीही ती राहिली तर तिला ठार करते. मोठ्या डेटाबेससाठी टाइमआउटस्टॉपसेक वाढवावे लागते, पण किती वाढवायचे हे यूपीएसच्या बॅटरीवरून ठरवावे, आपल्या इच्छेवरून नव्हे. उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत वर्षानुवर्षे राहिलेली बॅटरी नवी असतानाइतकी टिकत नाही, म्हणून मोजणी कागदावर न करता भरलेल्या बॅटरीवर यंत्र चालवून करावी. स्क्रिप्टमध्येही नेटवर्कला हात लावणाऱ्या प्रत्येक आज्ञेपुढे ‘टाइमआउट’ ही आज्ञा स्वतंत्र मर्यादेसह लावावी. एनएफएसची मूळ जोडणी ‘हार्ड’ प्रकारची असते, आणि पलीकडचे यंत्र गप्प झाले तर ती कंटाळत नाही, वाट पाहत राहते.

लाइन गेल्यावरची गोष्ट वेगळी

फाइल बिनचूक असूनही वीज गेल्यावर प्रत पोचत नाही, अशी तक्रार आली तर सर्वप्रथम तारा पाहाव्यात. सर्व्हर यूपीएसवर, पण स्विच आणि राउटर दुसऱ्या खोलीत साध्या बोर्डावर, ही मांडणी आपल्याकडे सर्रास आढळते. लाइन जाताच नेटवर्क प्रत्यक्षात संपलेले असते, आणि नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट मात्र चालूच दिसते, कारण एकदा गाठले की ते नंतरच्या बिघाडाची दखल घेत नाही. स्विच आणि नॅस दोन्ही यूपीएसवर घ्यावेत. त्यांना वीज कमी लागते, त्यामुळे बॅटरीवर फारसा भार पडत नाही.

यूपीएसची सूचना घेण्यासाठी नट, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, वापरत असाल तर यंत्रायंत्रांमधील क्रमही तपासावा लागतो. यूपीएसला जोडलेले यंत्र प्रायमरी आणि नेटवर्कवरून त्याला विचारणारी यंत्रे सेकंडरी असतात. बॅटरी संपत आली की आधी सेकंडरी यंत्रांना बंद होण्यास सांगितले जाते. आता सर्व्हर प्रायमरी आणि नॅस सेकंडरी असेल, तर जिथे प्रत ठेवायची तेच यंत्र आधी बंद होईल. ही मांडणी उलटी करावी, म्हणजे यूपीएसची केबल नॅसला आणि सर्व्हर सेकंडरी. तरीही प्रायमरी यंत्र सेकंडरींचा संपर्क तुटण्याची वाट मूळ मर्यादेप्रमाणे 15 सेकंदच पाहते, आणि संपर्क तुटणे म्हणजे सेकंडरी यंत्र पूर्ण बंद होणे नव्हे. म्हणून बॅटरी संपत येण्याची वाट न पाहता, यूपीएसशेड या सोबतच्या साधनाने वीज गेल्यापासून ठराविक मिनिटांनी सर्व्हर बंद करायला लावणे अधिक सुरक्षित वाटते.

यूपीएसला शेवटी वीज तोडण्याचा हुकूम देणारी स्क्रिप्ट सिस्टम-शटडाउन नावाच्या फोल्डरमध्ये असते आणि ती सर्व सेवा संपल्यावर अगदी शेवटी धावते. यूएसबी केबलने जोडलेल्या यूपीएससाठी हे ठीक आहे. एसएनएमपीवरून, म्हणजे नेटवर्कमार्गे बोलणाऱ्या यूपीएसला तो हुकूम पोचेल याचा भरवसा त्या टप्प्यावर धरता येत नाही. त्याच फोल्डरमध्ये आपली प्रत पाठवणारी स्क्रिप्ट टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो या एकाच कारणाने नाकारावा.

यंत्र बंद करण्यासाठी दिलेली आज्ञाही साधीच असावी. ‘--फोर्स’ लावलेली पॉवरऑफची आज्ञा सेवांना रीतसर थांबवत नाही, आणि तोच पर्याय दोनदा दिला तर फाइलप्रणालीचीही गय केली जात नाही. कार्यालयातील माणसांना पॉवरचे बटण एकदा दाबून सोडायला शिकवावे. बटण दाबून धरले की हार्डवेअर थेट वीज तोडते आणि मग वर लिहिलेल्यातील काहीच घडत नाही.

वायफायवरचे यंत्र

तारेच्या जोडणीत नेटवर्क सांभाळणारी सेवा थांबली तरी कार्डावरचा पत्ता काही वेळा तसाच राहतो, त्यामुळे चुकीचा क्रमही चाचणीत निभावून जातो. वायफायवर ही सवलत मिळत नाही. त्यातच जोडणी एखाद्या वापरकर्त्यापुरती जतन केलेली असेल तर त्याचे सत्र संपताच नेटवर्कमॅनेजर ती तोडतो, आणि बंद होताना सत्रे तर सुरुवातीलाच संपतात. अशी जोडणी ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ करून घ्यावी. वापरकर्त्याच्या स्वतःच्या सेवांमधून यंत्राचे नेटवर्क.टार्गेट दिसतच नाही, म्हणून हे काम तिथे लिहू नये. शक्य असेल तर केबल टाकावी.

आधीपासून असलेली सेवा दुरुस्त करताना

पॅकेजसोबत आलेल्या सेवेची मूळ फाइल बदलू नये, कारण पुढच्या अद्ययावतीत बदल पुसला जातो. सिस्टमसीटीएल एडिट या आज्ञेने वेगळी जोडफाइल तयार होते, तिच्यात [युनिट] खाली फक्त आफ्टरची ओळ लिहावी. ती मूळ ओळींत भर घालते. येथे लिहिलेली ओळ रिकामी ठेवून मूळ क्रम पुसता मात्र येत नाही.

भर घालताना वर्तुळ होऊ देऊ नये. समजा व्हीपीएनच्या सेवेला बिफोर=नेटवर्क.टार्गेट दिले आणि तिची किल्ली नॅसवर असल्यामुळे आफ्टर=रिमोट-एफएस.टार्गेटही (नेटवर्कवरचे फोल्डर जोडून झाल्याचे टार्गेट) दिले. नॅसची जोडणी नेटवर्कनंतर, सेवा जोडणीनंतर, आणि नेटवर्क सेवेनंतर, असे हे वर्तुळ पूर्ण होते. सिस्टमडी अशा वेळी एखादा जॉब काढून टाकून वर्तुळ तोडते, आणि कोणता काढायचा हे आपल्याला विचारत नाही. ‘ऑर्डरिंग सायकल’ हे शब्द नोंदवहीत दिसले तर आधी ते मिटवावे, बाकीचे नंतर.

तपासणी

प्रथम सिस्टमडी-अॅनलाइझ व्हेरिफाय या आज्ञेला फाइलचे नाव देऊन लिहिण्यातील चुका पकडाव्यात. मग सिस्टमसीटीएल शो -पी आफ्टर आणि सेवेचे नाव असे देऊन क्रमाची प्रत्यक्ष यादी पाहावी, कारण फाइलमध्ये लिहिले म्हणजे ते वाचले गेले असे होत नाही, विशेषतः डीमन-रीलोड राहिले असेल तर. नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट खरोखर चालू आहे का, हे सिस्टमसीटीएल स्टेटसने वेगळे पाहावे.

बंद होतानाच्या नोंदी पाहण्यासाठी त्या डिस्कवर टिकाव्या लागतात. नोंदी ठेवणाऱ्या जर्नलडीच्या फाइलमध्ये स्टोरेज=पर्सिस्टंट असल्याची खात्री करावी, नाहीतर यंत्रासोबत त्याही जातात. मग यंत्र एकदा रीतसर बंद करून पुन्हा लावावे आणि जर्नलसीटीएल -बी -1 -ओ शॉर्ट-मोनोटॉनिक या आज्ञेने मागील सत्राच्या नोंदींचा शेवट वाचावा. आपल्या सेवेच्या वर्णनापुढे ‘स्टॉप्ड’ हा शब्द आधी, त्यानंतर नॅसची जोडणी सुटल्याची ओळ, आणि त्याहीनंतर नेटवर्कमॅनेजर थांबू लागल्याची ओळ, हा क्रम दिसला पाहिजे. नेटवर्कमॅनेजरची ‘स्टॉपिंग’ ही ओळ आपल्या ‘स्टॉप्ड’च्या आधी दिसली, तर प्रत नॅसवर पोचलेली असली तरी क्रम लागलेला नाही असेच समजावे. ही चाचणी एकदा यूपीएसचा प्लग बोर्डातून काढूनही करावी, आणि दुसऱ्या दिवशी नॅसवरची प्रत उघडून तिच्यात आदल्या संध्याकाळची शेवटची नोंद आहे का ते पाहावे.